उत्तर बरोबर, रीत नाही

एका मुलीचे बरोबर उत्तर मी चूक ठरवले होते. नजर चुकली, तपासताना थकवा आला होता, गठ्ठा मोठा होता, यांपैकी काहीही नव्हते. उत्तर बरोबर आहे हे मला दिसले, ते कसे आले हेही समजले, आणि त्यानंतर मी त्यावर लाल शाईची आडवी रेघ ओढून चारपैकी शून्य गुण दिले. या गोष्टीला एकोणीस वर्षे झाली. पत्नीला मी हे कधी सांगितले नाही. सहकाऱ्यांना सांगण्याचा प्रश्नच नव्हता. शिक्षकाच्या हातून हजारो उत्तरपत्रिका जातात, त्यातल्या एका शून्याचे एवढे काय, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. दिवसभर ती समजूत टिकते. पण माघ सरत आला, परीक्षा जवळ आल्या, की ती टिकेनाशी होते.

आमच्या भागात भीतीचा ऋतू हिवाळ्याच्या शेवटी येतो. बाहेरून तो फार देखणा असतो. मेहकरहून सुलतानपूरच्या रस्त्याला लागलेल्या सकाळच्या बसमधून पाहावे, तर गहू पिवळा पडू लागलेला, हरभऱ्याचे घाटे भरलेले, एखाद्या बांधावर हुळा भाजल्याचा खरपूस वास, आणि तो खाऊन ओठ काळे झालेली लहान मुले. पण त्याच बसमध्ये दहावीची मुले बसलेली असतात, आणि त्यांच्याकडे पाहवत नाही. नखे कुरतडलेली, डोळे तांबारलेले. कुणाचे पोट दुखते, कुणाला उगाच उचकी लागते. परीक्षेचे पेन कुणी मेहकरच्या बालाजीपुढे ठेवून आणते, कुणी विहारात मेणबत्ती लावून येते. पेन दोघांचेही सारखेच घामेजते.

परवा माझ्या पुढच्या बाकावर दोन मुली डोळे मिटून प्रमेय पुटपुटत होत्या. गतिरोधकावर बस आदळली आणि एकीचा धागा तुटला.

"थांब वं, मले पुन्हा पयल्यापासून म्हनू दे."

"काऊन? मधूनच म्हन ना."

"मधूनच येत नाई मले!" ती रडवेली होऊन म्हणाली, आणि 'पक्ष'पासून पुन्हा सुरू झाली.

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. पाठ केलेल्या गोष्टीला मध्ये कुठेही दार नसते. एकदा बाहेर फेकले गेलो की पुन्हा उंबरठ्यापासूनच यावे लागते. हे मला ठाऊक आहे, कारण मी आयुष्यभर असाच आत जात आलो आहे. आणि त्या मुलींना तसे जायला शिकवणारा शिक्षकही मीच आहे.

बाहेरच्या वाचकासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दहावीची परीक्षा शाळेत न जाताही देता येते. त्यासाठी सतरा नंबरचा अर्ज भरावा लागतो. शिक्षण सुटलेल्यांना पुन्हा उभे राहता यावे म्हणून केलेली ही सोय. पण अशा विद्यार्थ्याचा निकाल शाळेच्या निकालात धरला जात नाही, आणि या एका वाक्यात आमच्यासारख्या भित्र्या माणसांना एक चोरवाट सापडली. नववीतली जी मुले दहावीत नापास होतील असे वाटते, त्यांच्या पालकांना बोलावायचे. "नववीत पास करून देतो, पण दाखला घेऊन जा, सतरा नंबर भरा," असे सांगायचे. मूल शाळेबाहेर जाते, आणि फाटकावरच्या पाटीवरचा शंभर टक्क्यांचा आकडा शाबूत राहतो.

शिक्षकांच्या खोलीत आम्ही मुलांचे तीन ढीग केले होते. हुशार, काठावरचे आणि सतरा नंबर. एखादा अर्ज असावा तसे आम्ही मुलांना 'सतरा नंबर' म्हणत असू. भिंतींना कान असतात आणि शाळेच्या भिंतींना तर तोंडही असते. मधल्या सुट्टीत मुले एकमेकांना चिडवू लागली, "ए सतरा नंबर, तिकडं सरक बे!" हा शब्द त्यांना आम्हीच पुरवला होता.

जिला मी ते शून्य दिले ती निर्मला नववीत होती तेव्हा मी पस्तिशीत होतो. गणित शिकवायला लागून बारा वर्षे झाली होती. तिचे वडील तीन एकर करणारे, आई दुसऱ्यांच्या शेतात जाणारी. मुलगी खिडकीशेजारच्या तिसऱ्या बाकावर बसायची. गणित सोडवताना तिचे ओठ हलायचे. ती पुटपुटायची, बोटांनी बाकावर काहीतरी मांडायची, मोडायची, पुन्हा मांडायची. शेजारणी वैतागायच्या.

एके दिवशी मी फळ्यावर समीकरण सोडवत होतो. डावीकडचा पाच उजवीकडे नेला आणि अधिकचा वजा केला. "चिन्ह का बदलले?" असे सवयीने विचारले. वर्गाने सवयीनेच सूर धरला, "नियम आहे म्हणूऽऽन!"

निर्मला उठून उभी राहिली.

"सर, पाच तिकडं गेलाच नाई. आपुन इकडून पाच काढले, तं तिकडूनबी पाच काढाच लागते. नाईतं तराजू कलंडन ना."

मागून एक जण ओरडला, "सर, हे तं दुकानच मांडून राह्यली!"

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. मग म्हणालो, "निर्मला, हा गणिताचा तास आहे, किराण्याचा नाही. नियम पाठ कर. आणि पुटपुटणे बंद. जे करायचे ते मनातल्या मनात."

"हाव सर," म्हणून ती बसली. त्या दिवसानंतर तिचे ओठ हलताना मी पाहिले नाहीत.

माझ्या त्या हसण्याचा विचार मी फार वेळा केला आहे. ते गमतीचे हसणे नव्हते. घाबरलेला माणूस हसतो तसे होते. बारा वर्षे मी मुलांना चिन्ह बदलायला शिकवत होतो आणि ते का बदलते हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. माझ्या लहानपणी गणिताच्या गुरुजींच्या हातात ओली निरगुडीची छडी असायची. त्या छडीच्या भयाने मी उदाहरणे पान क्रमांकासकट पाठ केली. पाठांतरावर मला गुण मिळाले, गुणांवर पदवी मिळाली, पदवीवर नोकरी. पण आत कुठेतरी सतत वाटत राहायचे की एक दिवस कुणीतरी उठून असा प्रश्न विचारील, जो माझ्या पुस्तकात नसेल. त्या दिवशी तो प्रश्न तिसऱ्या बाकावरून आला होता, आणि तोही उत्तरासकट. मला गणित येत नव्हते. मला रीत येत होती. ज्याला फक्त रीतच येते, त्याला रीतीवाचून उत्तर काढणाऱ्याची धास्ती वाटते.

महिन्याभराने नववीची सराव परीक्षा झाली. त्यात वयाचे एक उदाहरण होते. आईचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. दहा वर्षांनी ते दुप्पट होईल. तर दोघींची आजची वये काढा. चार गुण. 'मुलीचे आजचे वय x मानू' या वाक्याने सुरुवात केली नाही तर परीक्षक पुढे वाचतच नाही, असे मी वर्गात बजावले होते. निर्मलाने लिहिले होते:

'माय-लेकीच्या वयातला फरक कधी बदलत नाही, कारण दोघी संगच वाढतात. आज फरक लेकीच्या वयाच्या दुप्पट आहे. दहा वर्षांनी फरक लेकीच्या वयाएवढा होईल. म्हणजे दहा वर्षांत लेकीचे वय दुप्पट झाले. म्हणजे आज लेक दहाची, माय तिसाची.'

मी ते दोनदा वाचले. अंगावर शहारा आला. आनंदाचा म्हणावा असा, पण त्यामागोमाग थंडगार काहीतरी पाठीवरून उतरले. बोर्डाचा परीक्षक याला गुण देईल का? न दिल्यास ही नापास होईल का? हिच्या एकटीमुळे पाटी पुसावी लागली तर? त्या वर्षी तुकडी कमी होण्याची चर्चा होती. तुकडी गेली असती तर अतिरिक्त ठरून सगळ्यात आधी मीच गेलो असतो. मुख्याध्यापक येता-जाता विचारत, "गणितात किती धोके आहेत, सर?" मुलांना ते धोके म्हणत. मी लाल पेन उचलले आणि समासात लिहिले, 'उत्तर बरोबर, रीत नाही.' खाली शून्य. एकूण गुण एकतीस झाले. ते चार दिले असते तर पस्तीस, म्हणजे उत्तीर्ण. आणखी दोन-तीन ठिकाणी मी असेच कापले होते; ते मोजण्याचे धैर्य मला आजही होत नाही.

तिचे वडील आले ते डोक्यावरची टोपी हातात घेऊन. मी सतरा नंबरचे सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, "सर, तिच्यानं होईन का नाई, तेवढं सांगा. तुमी म्हनसान तसं."

निर्मला चौकटीला टेकून उभी होती.

"नाही होणार," मी म्हणालो. "सगळ्यांच्याच डोक्यात गणित नसते, दादा."

तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मी सुटलो असतो. फळ्यावरचा नियम वहीत उतरवून घ्यावा, तशी ती मान हलवत होती. माझ्यावर तिचा विश्वास होता. मुलांच्या मनात आपण कोण आहोत याविषयीची पहिली वाक्ये बहुधा आम्हीच लिहितो, आणि मुले ती खोडत नाहीत, कारण गुरुजींचे अक्षर खोडायचे नसते.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये मेहकरला गणिताच्या पेपरच्या दिवशी मी परीक्षा केंद्राबाहेर उभा होतो, आमच्या शाळेच्या मुलांसाठी. उन्हे कडक झाली होती. फाटक उघडले आणि पोरांनी गराडा घातला. "सर, तिसरा प्रश्न तुमच्या हमखास प्रश्नांमधलाच आला!" "सर, मायच्यान, जशाचा तसा!" त्या गलक्याच्या कडेने निर्मला आली. ती दुसऱ्या खोलीत, बाहेरून बसणाऱ्यांमध्ये होती. तिने घडी केलेली प्रश्नपत्रिका माझ्यापुढे उघडली. समासात पेन्सिलने बारीक बारीक आकडे लिहिलेले.

"सर, हे बरोबर हायेत का, पाहा बरं."

मी उभ्या उभ्या ताडून पाहिली. सहा उत्तरे. सहाही बरोबर.

"पेपरात हेच लिहिलेस ना?"

"नाई सर. रीत आठवली नाई. रीत नसली तं शून्यच देतेत ना? मंग कायले लिवाचं? कोरंच ठेवलं."

त्या क्षणी एक वाक्य बोलायचे होते. सगळी बरोबर आहेत, पुन्हा बस, जसे तुला सुचते तसेच लिही. पण चार पावलांवर मुख्याध्यापक उभे होते, माझी पोरे उत्तरे पडताळायला माझा शर्ट ओढत होती, आणि ते वाक्य बोललो असतो तर वर्षापूर्वीचे शून्य कुणी दिले हेही बोलावे लागले असते. मी प्रश्नपत्रिकेची पुन्हा घडी केली आणि तिच्या हातात दिली.

"बघू," म्हणालो. "निकाल लागू दे."

निकाल लागला. आमच्या शाळेचा शंभर टक्के. तिचा नापास. नंतर कुणीतरी म्हणाले, लग्न झाले, शेजारच्याच गावात दिली. त्यानंतरची वर्षे मी तिला टाळण्यात घालवली. मेहकरच्या बाजारात पाठमोरी तशी बाई दिसली की मी गल्ली बदलत असे. एकदा हिवरा आश्रमाच्या महाप्रसादाला हजारो माणसांच्या पंगतीत ती मला समोरच्या ओळीत दिसली, की भास झाला. मी वाढलेले पान सोडून उठलो. कधीतरी ती येईल आणि चारचौघांत जाब विचारील, हे भय मनात इतके रुजले होते की काय उत्तर द्यायचे तेही मी पाठ करून ठेवले होते.

मधल्या काळात मी थोडा बदललो, असे मला वाटत होते. प्रशिक्षणांना गेलो, मुलांना 'का' विचारू द्यावे असे दुसऱ्यांना सांगू लागलो. आणि या माघात नवे मुख्याध्यापक, जे एके काळी माझ्या हाताखाली रुजू झाले होते, दारातून डोकावून म्हणाले, "सर, नववीची ती यादी?" कसली, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मी कागद ओढला आणि सहा नावे लिहिली. हात एकदाही अडखळला नाही. हेच मला आज सर्वांत भयंकर वाटते. ज्या कृत्याने मला एकोणीस वर्षे पोखरून खाल्ले, ते माझ्या हाताने पुन्हा केले, आणि हाताला काही वाटलेदेखील नाही.

चौथे नाव वैष्णवीचे होते. आठवीत दुसऱ्या शाळेतून आलेली, मुकी म्हणावी इतकी शांत मुलगी. वह्यांतले अक्षर मोत्यासारखे, उत्तरपत्रिकेत मात्र लिहून खोडलेल्या जागा, खोडरबराने कागद पातळ झालेला.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांनी मला बोलावले. समोरच्या खुर्चीच्या काठावर एक बाई बसली होती, मागे वैष्णवी उभी. बाई मला पाहून लगबगीने उठली, वाकून पाया पडली आणि हसली.

"वळखलं का, सर? मी निर्मला. तुमची सतरा नंबर!"

माझे पाठ केलेले उत्तर कुठल्या कुठे गेले.

"ही माही पोरगी. मले इनं सांगतलं, यादीत नाव हाये म्हनून. म्हनलं, सरांनी बोलावाच्या आधी आपुनच जावं. दाखला न्याले आली मी."

"बघा सर," मुख्याध्यापक मोकळे होऊन म्हणाले, "पालक असे समजूतदार असले की आपले काम किती सोपे होते!" आणि त्यांनी दाखल्यांचे पुस्तक पुढे ओढले.

"तिच्यात गणित नाईच, सर," निर्मला सांगत होती, अगदी आपुलकीने. "माह्यावर गेली. तुमी मले कसं एका नजरेत वळखलं होतं. म्याच उगा पेपरले बसली न् बापाले आशा लावली. घरी ही एकलीच गणितं पुटपुटत बसते, तं मी म्हनते, बाई, कायले जीव जाळतं? आपल्या घरात ते नाई. सरांनी सांगतलेलं हाये."

एकोणीस वर्षे मला तिच्या रागाची भीती वाटत आली होती, आणि राग कुठेच नव्हता. माझे खोटे तिने जपून ठेवले होते, घरात लावले होते, आणि आता ते आपल्या हाताने लेकीला देत होती.

"मी पाठ करीन, सर," वैष्णवी एकदम म्हणाली. आवाज इतका बारीक की मुख्याध्यापकांचे पेन थांबले. "सगळं पुस्तक पाठ करीन. मले शाळेतून काढू नका."

"गप वं," आई हळूच म्हणाली. "सरांपुढं बोलू नाई."

मुख्याध्यापकांनी पुन्हा पेन टेकवले. पोरीचे पूर्ण नाव, आईचे नाव, त्यांनी मोठ्याने वाचत लिहायला सुरुवात केली. मला पुन्हा भीती वाटली. तीन वर्षांनी निवृत्त होणाऱ्या माणसाला कशाची एवढी भीती वाटावी, ते मला सांगता येणार नाही; पण केंद्राबाहेर वाटली होती तेवढीच वाटत होती, तसूभरही कमी नाही. भीती जाईल आणि मग मी बोलेन, अशी वाट पाहत मी एवढी वर्षे काढली होती. ती जाणार नव्हती. तिच्यासकटच बोलावे लागणार होते.

"दाखला लिहू नका," मी म्हणालो. टेबलावर पेपरवेटखाली माझी यादी होती. ती उचलली आणि फाडली. मुख्याध्यापक "अहो सर, अहो, निकालाचं काय" असे काहीतरी म्हणाले. मी निर्मलाकडे वळलो. ती गोंधळून उभी राहिली होती. माझा आवाज कापत होता, आणि तो कापतच राहिला.

"निर्मला, मी तुझ्याशी खोटे बोललो होतो. नववीत तुझे उत्तर बरोबर होते. ते मला कळले होते, आणि तरी मी जाणूनबुजून शून्य दिले. केंद्राबाहेर तू मला सहा उत्तरे दाखवलीस, ती सगळी बरोबर होती, आणि मी तुला सांगितले नाही. तुझ्या डोक्यात गणित होते. माझ्या नव्हते, म्हणून मला तुझी भीती वाटली. तुझ्याने होणार नाही, हे मी तुझ्या वडिलांना सांगितले, ते खरे नव्हते. तुझ्या लेकीबद्दलही ते खरे नाही. माझे चुकले, निर्मला. फार मोठे चुकले. मला माफ कर."